चहा पिणारा महंत चिडत का नाही?

चित्रावर आपल्यासारख्यानं लिहू नये, असा एक अलिखित कायदा आहे. आपण कविता लिहाव्यात, जलसा करावा, फार तर कुणाच्या आत्मकथेवर दोन पानं खरडावीत. चित्र म्हणजे जहांगीरच्या पायऱ्या चढून, हात मागं बांधून, मान तिरपी करून बघायची वस्तू. त्यातला 'अवकाश' कळायला घराण्यात तीन पिढ्या तंबोरा असावा लागतो म्हणे. गेलं खड्ड्यात. मला एक चित्र दिसलं आणि ते कळलं, कारण त्यात चहाचं टेबल आहे आणि टेबलापाशी येऊ न दिलेला माणूस आहे. एवढं कळायला आपल्याला कुठल्या कलाशाळेचा दाखला लागत नाही.

चित्र रशियातलं. चित्रकार वासिली पेरोव्ह. साल १८६२. नाव 'मॉस्कोजवळच्या मितिश्चीतला चहा'. फुटपाथवरच्या जुन्या सोव्हिएत पुस्तकांच्या ढिगात मला ते छापील सापडलं. मूळ चित्र मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह गॅलरीत आहे आणि ते अगदी लहान आहे, ४३.५ बाय ४७.३ सेंटिमीटर. म्हंजे दीड फूटसुद्धा धड नाही. आपल्या अंकाच्या स्टेन्सिलवर ते उतरणार नाही, म्हणून शब्दांत उतरवतो.

उन्हाळ्याचे दिवस. झाडाखाली टेबल, त्यावर पांढरी चादर, चादरीवर चकचकीत समोवार. टेबलाशी एक जाडजूड ख्रिस्ती महंत ऐसपैस बसलाय. काळा झगा, पुढं आलेलं पोट. बशी बोटांवर तोलून ओठाला लावलीय आणि चहा ओढतोय. (बशीतून चहा पिणं हा काही आपलाच गावंढळपणा नाही हे बघून बरं वाटलं.) सोबत त्याचा तरुण चेला आहे. दुसऱ्या बाजूनं एक म्हातारा अपंग सैनिक आलाय, अंगावर चिंध्या आणि छातीवर लढाईत मिळवलेला बिल्ला. त्याच्यासोबत एक फाटका पोरगा, हात पसरलेला. मधे चहाच्या ठिकाणची कामवाली बाई उभी आहे आणि हातानं म्हाताऱ्याला मागं रेटतीय.

एवढंच चित्र. कुणी कुणाला मारत नाही, कुठं रक्त नाही.

मितिश्ची हे गाव मॉस्कोहून ट्रिनिटी-सर्जियसच्या मोठ्या मठाकडं जाणाऱ्या यात्रेच्या वाटेवरचं. लोक पायी जायचे, जसे आपल्याकडं वारीला जातात. वाटेत इथं थांबायचे, चहा घ्यायचे. गावचे झरे नावाजलेले. कॅथरीन राणीनं १७७९ साली हुकूम काढला आणि १८०४ पर्यंत या गावापासून मॉस्कोपर्यंत पाण्याचा कालवा बांधून झाला. सगळ्या मॉस्को शहराला पाणी देणारं हे गाव. अशा गावात एका माणसाला चहाच्या टेबलापासून हाकलतात. चित्रकारानं जागा उगाच निवडलेली नाही, असं माझं मत आहे.

आता समीक्षक काय सांगतात? लोभी, खादाड धर्मगुरू. दया शिकवणारा निर्दय. ढोंगावर कोरडा. झालं, संपला अर्थ. मला हे वाचून समाधान झालं नाही. लोभी भट, खादाड बडवा, ढोंगी बुवा हे तर बामनसुद्धा सांगतात! भटाच्या खादाडपणाचे विनोद सदाशिव पेठेत मोठ्या चवीनं सांगितले जातात आणि सांगून झाल्यावर श्राद्धाला तोच भट बोलावला जातो. ज्या विनोदावर दोन्ही बाजू हसतात त्यात काहीतरी गोची असते. पेरोव्हचं चित्र त्या जातीचं आहे का? मला वाटतं नाही. पण ते दाखवायला चित्र हळूहळू वाचलं पाहिजे.

पहिली गोष्ट महंताच्या तोंडाची. तो चिडलेला नाही. धर्मगुरूवरच्या व्यंगात तो नेहमी कसा असतो? डोळे वटारलेले, हात वर, तोंडातून थुंकी उडतीय, शाप देतोय. आपल्या पथनाट्यांतही तसाच. शेंडी हलवत नाचतो आणि पोरं टाळ्या वाजवतात. पेरोव्हचा महंत मात्र शांत आहे. चहा गरम आहे, फुंकर मारून प्यायचाय, त्याला दुसरं काही काम नाही. हात पसरलेलं पोर टेबलाच्या जवळ आहे, पण महंत तिकडं बघतच नाही. ज्याच्या वतीनं दुसरं कुणी हाकलतं त्याला चिडायची गरज काय? राग हे कष्टाचं काम आहे. त्यानं तेही मजुरीवर लावलंय.

मग राग कुठाय? तो त्या बाईच्या हातात आहे. माझ्या मते सगळं चित्र त्या हातावर उभं आहे आणि मी वाचलेल्यांपैकी कुणी त्या हातावर दोन ओळींपेक्षा जास्त थांबत नाही. ही बाई कोण? मालकीण नाही. समोवार पेटवणारी, टेबल पुसणारी, मजुरीवर राबणारी. साल लक्षात घ्या. रशियातली भूदासप्रथा कायद्यानं १८६१ साली संपली, म्हणजे चित्राच्या आदल्या वर्षी. कालपरवापर्यंत माणसं जमिनीसकट विकली जात होती. या बाईचा बाप, भाऊ, नवरा त्यातलाच असणार. तो म्हातारा सैनिकही त्याच मातीतला. त्या काळी रशियन फौजेत शिपाई म्हणून जायची ती शेतकऱ्या-भूदासांची पोरं. वीस-वीस, पंचवीस-पंचवीस वर्षं नोकरी, घरचे मेला समजून रडून घ्यायचे. म्हणजे रेटणारी आणि रेटला जाणारा एकाच चुलीचे. आणि खुर्चीवर बसलेल्याला तोंडातून शब्दही काढावा लागत नाही.

हे आपल्याला कुणी शिकवायला पाहिजे का? २० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळीनं पाणी घेतलं. त्यानंतर वीरेश्वराच्या देवळात महार घुसणार अशी आवई उठवली गेली आणि जेवायला बसलेल्या आपल्या माणसांवर लाठ्या पडल्या. त्या लाठ्या काय फक्त शेंडीवाल्यांच्या हातात होत्या? सगळे स्पृश्य होते त्यात. शास्त्र एकाचं आणि लाठी दुसऱ्याची. नंतर तळं 'शुद्ध' करायला शेण-गोमूत्राच्या घागरी ओतल्या, तेव्हा मंत्र म्हणणारे पुढं आले, शांतपणे, सोवळ्यात. तिथं त्यांनाही चिडायचं कारण नव्हतं. काम झालेलं होतं.

उतरंडीची विषमता बाबासाहेबांनी समजावून सांगितली ती हीच. प्रत्येकाच्या पायाखाली कुणीतरी आहे, म्हणून वरचा पाय कुणाला दिसत नाही. पेरोव्हला जात हा शब्द माहीत नव्हता, पण त्यानं हात नेमका काढलाय.

त्या बाईचा मला राग येत नाही असं नाही. येतो. आमच्या बापांच्या पिढीनं गावातल्या हाटेलात बाहेरच्या कोनाड्यातला, कानतुटका कप स्वतः उचलून, स्वतः विसळून चहा प्यालाय. वरून चहा ओतणारा पोऱ्या कोण असायचा? गरीबच, कुठल्यातरी शेतकरी जातीचा, त्याचाही शर्ट फाटकाच. पण तो हात उंच धरून ओतायचा. कपाला किटली लागू नये म्हणून. मी तो उंच धरलेला हात चित्रातल्या हाताशी जोडूनच बघतो, दुसरं बघताच येत नाही. कलेची 'शुद्ध' समीक्षा करणाऱ्यांनी मला माफ करावं अगर करू नये.

आता सैनिक. त्याच्या छातीवरचा बिल्ला हा चित्रातला सगळ्यात कडू तुकडा आहे. क्रिमियाचं युद्ध १८५३ ते १८५६. चित्र त्यानंतर सहा वर्षांनी. त्या लढाईत हातपाय गमावलेले शिपाई तेव्हा रस्त्यारस्त्यावर भीक मागत होते आणि बघणाऱ्याला १८६२ साली बिल्ला बघताच सगळं समजत असणार. झार आणि धर्म यांच्यासाठी लढलेला माणूस. त्याच धर्माचा माणूस बशीतून चहा ओढतोय.

आपल्याकडं हा बिल्ला अनोळखी नाही. कोरेगावच्या स्तंभावर आपली नावं कोरलेली आहेत. १८१८ पासून पुढं महार पलटणीत राहिले, लढले, मेले, आणि १८९० च्या दशकात लढवय्या जातींचं खूळ काढून सरकारनं महारांची भरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकर स्वतः पलटणीतून निवृत्त झालेले. त्यांनी १८९४ साली त्याविरुद्ध अर्ज तयार केला. पेन्शनर सुभेदार, हवालदार गावी आले की बिल्ला पेटीत आणि पुन्हा वेशीबाहेर. रामजी सुभेदारांच्या पोराला, म्हंजे बाबासाहेबांना, शाळेत पाणी वरून ओतून घ्यावं लागलं. बापाच्या हुद्द्यानं लेकाची तहान भागली नाही.

पण इथंच पेरोव्हशी माझं भांडण सुरू होतं. त्याचा सैनिक काय करतो? उभा राहतो. पोर हात पसरतं. म्हाताऱ्यानं आयुष्यभर बंदूक धरली, आणि चित्रकारानं त्याला दिली ती फक्त भीक. वलंगकरांनी निदान अर्ज लिहिला! भिकारी दाखवला की बघणाऱ्याच्या डोळ्यात पाणी येतं, आणि डोळ्यात पाणी आलेला बघणारा स्वतःला चांगला माणूस समजून घरी जातो. त्याला वाटतं, मी असतो तर दोन पैसे दिले असते. म्हणजे प्रश्न दोन पैशांचा झाला. महंतानं कनवटीचे दोन पैसे काढले असते तर हे चित्रच झालं नसतं! टेबल तसंच, समोवार तसाच, मठ तसाच, आणि व्यंग गायब. करुणा ही अशी स्वस्तात सुटका करून देते. चवदार तळ्यावर कुणी हात पसरला नव्हता. पसरलेला हात आणि ओंजळ यांत फरक आहे, आणि हा फरक एकोणिसाव्या शतकातल्या सगळ्या दयाळू चित्रकलेला उमगलेला नाही असं माझं स्पष्ट म्हणणं आहे. पेरोव्ह त्यातला सर्वांत प्रामाणिक, तरी तोही तिथंच अडला.

दुसरं भांडण पोटाचं. महंत जाडाच का? हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. गेल्या महिन्यात आपल्या वस्तीत जयंतीसाठी भिंत रंगवायची ठरली तेव्हा यावरूनच आपल्यात जुंपली होती. आपला एक कार्यकर्ता म्हणाला, भटजी काढू, ढेरी सुटलेला, हातात लाडू, लोकांना लगेच कळेल. कळेल हे खरं. पण काय कळेल? की भट वाईट कारण तो खातो. मग जो खात नाही तो? एकभुक्त राहणारा, बारीक, स्वच्छ, गोड बोलणारा, पहाटे उठून गीता शिकवणारा, तुमच्याशी हसून बोलणारा आणि पोरीचं लग्न मात्र गोत्र बघून करणारा? त्याला हे चित्र लागू होत नाही. उलट तोच पुढं येऊन म्हणेल, बघा हो, कसे हे ढोंगी भट, यांनीच धर्म बुडवला. आणि आपण त्याला टाळी देऊ.

बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'चं भाषण छापलं. लाहोरच्या मंडळानं ते होऊ दिलं नाही म्हणून छापलं. त्यात पुरोहितांबद्दल जे आहे ते पुन्हा काढून वाचा. तिथं पोट नाही, लाडू नाही, शिवी नाही. पुरोहितपण बंद करा, ते जमत नसेल तर निदान वंशपरंपरेनं चालणारं तरी बंद करा, सरकारनं परीक्षा घ्यावी, सनद द्यावी, सनद नसलेल्यानं केलेला विधी कायद्यानं रद्द समजावा, पुरोहित सरकारी नोकर असावा, आणि किती पुरोहित असावेत ते कायद्यानं ठरवावं. डॉक्टरला, वकिलाला लायकी लागते आणि याला का लागू नये, हा त्यांचा सवाल. किती थंड डोक्यानं मारलंय बघा. जाडा असो की रोड, चांगला असो की चोर, खुर्चीच काढून घ्यायची. माणसाच्या पोटावर हसणाऱ्याला खुर्ची दिसत नाही.

पेरोव्हच्या बाजूनं एक सांगितलं पाहिजे. त्यानं हे पोट नुसतं हसायला काढलेलं नाही. महंताचा वाटोळा देह आणि वाटोळा समोवार यांचं नातं बघा. दोघेही तापलेले, भरलेले, चकचकीत. एका रेषेनं त्यानं माणसाची वस्तू करून टाकलीय. मठ ही भांड्यासारखी गोष्ट आहे, ओततात आणि भरते. इथं चित्रकार व्यंगाच्या पुढं गेलाय. हे मला चौथ्या-पाचव्यांदा बघताना दिसलं.

या माणसाची स्वतःची गोष्टही थोडक्यात सांगतो, कारण ती उपयोगाची आहे. पेरोव्ह हे त्याचं खरं आडनाव नाही. तोबोल्स्क इथं एका बॅरन सरकारी वकिलाच्या पोटी लग्नाआधी जन्मला, म्हणून कायद्यानं बापाचं नाव मिळालं नाही. पुढं आईबापाचं लग्न झालं तरी मिळालं नाही. कागदावर धर्मबापाच्या नावावरून वासिल्येव्ह. अक्षर चांगलं म्हणून त्याला लिहायला शिकवणाऱ्या देवळातल्या एका सेवकानं गमतीनं 'पेरोव्ह' म्हणायला सुरुवात केली. 'पेरो' म्हंजे पीस, लेखणी. तेच नाव त्यानं आयुष्यभर लावलं. शूद्राचं नाव निंदा वाटेल असं ठेवावं, असं मनू सांगतो. ज्याचं नाव दुसऱ्यानं ठेवलं त्यानं त्याच नावानं चित्रावर सही केली. मला हे आवडलं. १८८२ साली क्षयानं गेला, पन्नाशीही गाठली नाही.

१८६१ साली, म्हणजे या चहाच्या आदल्या वर्षी, त्यानं धर्मगुरूंवर दोन चित्रं केली आणि दोघांचं नशीब वेगळं झालं. एक 'खेड्यातलं प्रवचन'. पाद्री प्रवचन देतोय, जमीनदार खुर्चीत झोपलाय, त्याची बायको शेजारच्या गृहस्थाशी कुजबुजतीय, मागं शेतकरी उभे. या चित्राला अकादमीचं मोठं सुवर्णपदक आणि परदेशी जायला पैसे! दुसरं 'खेड्यातली ईस्टरची मिरवणूक'. दारू प्यालेला पाद्री क्रूस हातात धरून ओट्यावरून उतरतोय, पायाखाली ईस्टरचं अंडं चिरडलंय. एक बाई मूर्तीची तसबीर घेऊन चाललीय, तिच्यावरचा चेहरा पुसून गेलाय. एका फाटक्या म्हाताऱ्यानं तसबीर उलटी धरलीय. आभाळ राखेसारखं, खाली चिखल. हे चित्र पीटर्सबर्गच्या प्रदर्शनातून काढून घ्यायला लावलं आणि छापायलाही बंदी घातली.

का? दोन्हींत धर्मगुरू आहे, दोन्ही खेड्यातली, वर्ष तेच. माझं उत्तर असं. पहिल्या चित्रात माणसं वाईट आहेत आणि प्रवचन चांगलं आहे. जमीनदार झोपला हा त्याचा दोष. दुसऱ्यात क्रूसच लडखडतोय. तसबिरीवर देवाचं तोंडच उरलेलं नाही आणि लोक ती तरीही वाहून नेतायत. पहिल्याला सरकार पदक देऊ शकतं, कारण सुधारणा हवीच असते त्यांना, थोडी, वरवरची. दुसऱ्यानं सुधारायला काही शिल्लकच ठेवलं नाही. आपल्या कवितांना कुठल्या व्यासपीठावर पदक मिळतं आणि कुठली कविता बाजूला ठेवली जाते, हे याच फुटपट्टीनं मोजून बघा एकदा.

बंदी आलेलं ते चित्र विकत कुणी घेतलं? पावेल त्रेत्याकोव्हनं. त्याच्याच नावानं आजची गॅलरी आहे, आपला सगळा संग्रह त्यानं १८९२ साली मॉस्को शहराला देऊन टाकला. एका चित्रकार ओळखीच्यानं त्याला पत्रातून सावध केलं होतं, असली चित्रं का घेतोस म्हणून धर्मसभा विचारील, आणि पेरोव्ह इटलीऐवजी सोलोव्हेत्स्कीच्या तुरुंगमठात जाईल. तरी त्यानं घेतलं, ठेवलं. धाडस आहे. पण हा त्रेत्याकोव्ह करायचा काय? कापडाचा व्यापारी, आणि १८६६ पासून कोस्त्रोमाच्या तागाच्या कापडगिरणीचा भागीदार मालक. आता बोला! गिरणीत सूत जोडणाऱ्या बायापोरांच्या घामातून आलेल्या पैशानं धर्मगुरूवरचा कोरडा विकत घेतला गेला. मी स्वतः सूतगिरणीत रिंग फ्रेमवर उभा असतो. तुटलेला धागा जोडताना हे डोक्यात येतं आणि हसावं की काय ते कळत नाही. याचा अर्थ त्रेत्याकोव्ह खोटा असं मी म्हणत नाही. तो नसता तर चित्र फुटपाथवरच्या पुस्तकापर्यंत पोचलंच नसतं. पण मालकाला भटावरचं चित्र भिंतीवर चालतं, गिरणीवरचं चालेल का, हे विचारायला हरकत नाही. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू बाबासाहेबांनी १९३८ साली मनमाडला रेल्वे कामगारांपुढं एका दमात सांगितले होते.

याच काळात आपल्याकडं काय होतं? जोतीरावांनी 'तृतीय रत्न' नाटक १८५५ साली लिहिलं, म्हणजे पेरोव्हच्या चहाच्या सात वर्षं आधी. गरोदर कुणबीण, तिला ग्रहांची भीती घालून लुटणारा जोशी, आणि मधे बोलणारा विदूषक. दक्षिणा प्राइज कमिटीनं नाटक नाकारलं. दोघांचा मामला एकच, आणि एक फरक मला फार मोठा वाटतो. जोतीरावांचं जोडपं शेवटी रात्रीच्या शाळेत जायला निघतं. हात पसरून उभं राहत नाही. आणि गंमत बघा, त्या नाटकात त्यांना शहाणं करणारा कोण आहे? पाद्री! तिकडं रशियात क्रूसवाला बशी ओढतोय आणि इकडं पुण्यात क्रूसवाला लिहा-वाचायला सांगतोय. धर्म एकच. तिथं त्याच्या हातात सत्ता होती, इथल्या खेड्यात जोशाच्या हातात होती. म्हणून 'धर्मगुरूवरचं व्यंग' असा काही एक सरळ प्रकार नसतोच. कोण कुठल्या खुर्चीवर बसलाय ते आधी बघावं लागतं.

चिडलेला धर्मगुरू पेरोव्हनं काढलाच नाही असं नाही. काढला, मरायच्या थोडं आधी, १८८०-८१ मध्ये. 'निकिता पुस्तोस्व्यात'. मोठ्ठं चित्र, पूर्ण झालंच नाही. प्रसंग १६८२ सालचा. जुन्या पंथाचा पाद्री निकिता राजवाड्यात राजकन्या सोफियापुढं वाद घालायला आलाय, डोळ्यांत आग. एका धर्माधिकाऱ्याला त्यानं फटका दिलाय आणि सोफिया सिंहासनावरून उठलीय. काही दिवसांत निकिताचं डोकं उडवलं. 'पुस्तोस्व्यात' म्हंजे पोकळ संत, हे नावही विरोधकांनी ठेवलेलं. म्हणजे शांत महंत खुर्चीत बसून राहतो, आणि चिडलेल्याला वेडा ठरवून मारतात. पण मला निकिताही फार जवळचा वाटत नाही. त्याचा सगळा राग कशासाठी? क्रूसाची खूण दोन बोटांनी करायची की तीन, पोथीतला शब्द जुना ठेवायचा की नवा. राजवाड्यात घुसण्याएवढी छाती, आणि मागणी बोटांची! आपल्यातही निकिता आहेत. कुठल्या गटाचा निळा खरा, कुणाच्या खांद्याला कोण बसला, यावर लाल होणारे. त्यांचा राग खरा असतो हीच पंचाईत.

शेवटी ज्या चित्रासाठी मी पेरोव्हला मोठा मानतो ते सांगतो. 'त्रोइका', १८६६. त्रोइका म्हंजे तीन घोड्यांची गाडी. इथं घोड्यांच्या जागी तीन पोरं आहेत, कारागिराकडं कामाला ठेवलेली. बर्फात, वाऱ्यात, पाण्याचं भलंमोठं पिंप ओढतायत. पुन्हा पाणी! बाजूनं एक उंच, लांबलचक, दगडी भिंत जाते. ती मठाची आहे. महंत कुठंच नाही. पोट नाही, बशी नाही, समोवार नाही, हसायला काहीच नाही. तो आत आहे. बाहेर पोरांच्या गळ्यात दोर आहेत. चार वर्षांपूर्वीच्या चहाच्या चित्रात त्याला महंत दाखवावा लागला होता, इथं नुसती भिंत पुरली. मधल्या पोराला नमुना म्हणून बसलेला मुलगा पुढं वारला आणि त्याची आई ते चित्र बघायला आली, ही हकिगत पेरोव्हनं स्वतः लिहून ठेवलीय.

तेव्हा जयंतीच्या भिंतीबद्दल माझं म्हणणं असं आहे. ढेरीवाला भटजी काढू नये. भिंत काढावी. भिंतीवर भिंतच. खाली नळ, नळापाशी रांग, आणि कुणाचा तरी एक हात, जो आपल्यातल्याच कुणाचाही असू शकेल. लोकांना लगेच कळणार नाही हे मान्य. कुणीतरी तिथं उभं राहून सांगावं लागेल, दोन तास भांडावं लागेल. रंगाचा डबा माझ्याकडं पडून आहे, चुनाही भिजवलाय. ज्यांना पटत नाही त्यांनी रविवारी वाचनालयात यावं, नाहीतर पुढच्या अंकासाठी लिहून पाठवावं. पाच पानांच्या वर नको, स्टेन्सिल महाग झालेत.

जय भीम.